खुळखुळ्याचा हिस्सा

बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, चामोर्शीत भूपेश भानारकरच्या घरी एक खोकं आलं आणि तोवर बरा चाललेला त्याचा संसार चव्हाट्यावर आला.

खोकं एवढं मोठं की आत मिक्सर मावला असता. आत कागद, कागदात फुग्याफुग्यांचं प्लास्टिक, प्लास्टिकात डबी आणि डबीत एक मासा. तोही प्लास्टिकचा. बोटभर लांब, पाठ हिरवी, पोट केशरी, अंगावर काळे पट्टे, आणि डोळे असे वटारलेले की प्रवासाला तोच कंटाळला असावा. तोंडापुढे एक पारदर्शक चपटी चोच, पोटाखाली दोन ठिकाणी तीन-तीन तोंडांचे गळ. याला क्रँकबेट म्हणतात. पाण्यात टाकलं की तरंगतं. तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, चरखीवर गुंडाळायला लागलं की चोचीमुळे डोकं खाली घालून बुडी मारतं आणि जखमी माशासारखं डुलत येतं. मग मोठा मासा त्याला खरं समजतो आणि फसतो. अमेरिकेत बास नावाचा मासा याच्यावर जीव टाकतो म्हणे. आपल्याकडे बास नाही, पण मरळ आहे, आणि मरळीचा स्वभाव बासपेक्षा तापट आहे असं भूपेशचं ठाम मत होतं. हे मत त्यानं व्हिडिओ बघून बनवलं होतं.

क्रँकबेटांत तीन जाती. एक वरवर फिरणारी, एक तळ गाठणारी आणि एक मधली. भूपेशनं मधली मागवली. मध्यमवर्गीय माणूस दुसरं काय मागवणार? शाळेत तो मधल्या बाकावर बसला, परीक्षेत मधल्या श्रेणीत पास झाला, आणि आता एका सरकारी कार्यालयात मधल्या टेबलावर बसतो. डावीकडून कागद येतो, उजवीकडे जातो. मध्ये तो कागद काही दिवस भूपेशकडे मुक्कामाला असतो, एवढंच.

खोकं उघडताना ओसरीवर पंचमंडळी जमलीच. शेजारचे निवृत्त शिक्षक संघपाल सर चष्मा पुसत आले. पलीकडच्या कांताबाई हातातलं पीठ न धुताच आल्या.

"यात सेल कुठी टाकाचे?" सरांनी मासा उलटा करून पाहिला.

"सेल नाई लागत, सर. ओढलं की पोहते."

"ओढलं की त दगडबी येते," कांताबाई म्हणाल्या. "अन् हे खाते कोण?"

"मरळ."

"मरळ हे खाईन, अन् मरळीले आपण खाऊ. मंग पिलास्टिक कोणाच्या पोटात गेलं?"

या प्रश्नाचं उत्तर व्हिडिओत नव्हतं. भूपेशची आई कुंता कोपऱ्यात बसून हे ऐकत होती. तिनं हात पुढे केला, मासा घेतला आणि कानाशी नेऊन हलवला. आत लोखंडाचे छर्रे असतात, मोठ्या माशाला आवाज जावा म्हणून. खुळ खुळ वाजलं.

"खुळखुळा हाय," तिनं निकाल दिला.

"माय, खुळखुळा नाई तो. मध्यम खोलीचा क्रँकबेट हाय."

"बरं. मध्यम खोलीचा खुळखुळा." आणि त्या दिवसापासून त्या वस्तूचं बारसं झालं ते झालंच.

आता एवढा खटाटोप कशासाठी, हे सांगायलाच हवं. नाहीतर वाचकही कांताबाईंसारखे कमरेवर हात ठेवून उभे राहतील.

भूपेशचं मूळ गाव खैरीटोला. गावाला तलाव आहे आणि तलावाला मच्छीमारांची सोसायटी. माघात पाणी उतरायला लागलं की पहिली मोठी मासेमारी होते. सगळ्यांनी मिळून जाळी ओढायची, सगळा मासा पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, आणायचा आणि त्याचे ढीग लावायचे. माणसाचा एक हिस्सा, जाळ्याचा एक, डोंग्याचा, म्हणजे होडीचा, एक. जाळं फाटतं, डोंगा गळतो, तेव्हा त्यांनाही पोट आहे असं तिथं मानतात. मग अध्यक्ष एकेक नाव पुकारतो आणि त्या घरातल्या माणसानं "हाय!" म्हणून ओरडायचं. ओरडला की ढीग त्याचा.

यात एक रीत अशी की बाप गेला तरी मुलगा त्याच तलावात मासे मारत असेल, तर ढीग बापाच्याच नावानं पुकारतात. मुलगा पाण्यात उतरतच नसेल, तर ते नाव त्या वर्षापासून गळतं. भूपेशचे वडील मनसाराम गेल्या पावसाळ्यात गेले. आणि धीवराच्या घरात जन्मून भूपेशनं आजवर एक मासाही धरला नव्हता. शिकला, नोकरीला लागला, मासे ताटात भेटत राहिले.

सोसायटीचे अध्यक्ष श्रावणभाऊ पौषात स्वतः चामोर्शीला आले. चहा घेतला, बराच वेळ कपाच्या बुडाकडे बघत बसले.

"हा नियम तुह्या बापानंच धरून ठेवला होता, भूपेश. कोणाच्याच पोरासाठी वाकवू देल्ला नाई त्यानं. आता त्याच्याच पोरासाठी मी कसा वाकवू?" मग जरा थांबून म्हणाले, "माघाच्या आधी एक मासा काढ. आपल्या हातानं, पाळीवर चार माणसं असताना. बोटाएवढा असला तरी चालते. नाईतर कुंताबाईच्या नावानं ढीग लावू, त्याले कोणाची ना नाई."

"माह्या नावाचा नाई पाह्यजे," कुंता म्हणाली. "मासे त बाजारातबी भेटते. मले त्याचं नाव आइकाचं हाय."

एवढं बोलून ती आत गेली. नवरा गेल्यापासून तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट होती. भूपेशला त्या रात्री भाकर गोड लागली नाही.

पहिल्यांदा त्यानं बापाचं फेकजाळं घेऊन सरळ मार्गानं प्रयत्न केला. फेकजाळं फेकायचं म्हणजे थोडं दातात धरायचं, थोडं कोपरावर, उरलेलं हातात, मग कंबर फिरवून असं सोडायचं की ते पाण्यावर गोल उघडावं. भूपेशनं कंबर फिरवली, हात सोडले, दात सोडायचे राहिले. जाळं गेलं, जाळ्यामागे भूपेश गेला, आणि पाण्यात दोघांची अशी मिठी पडली की सोडवायला माणसं उतरावी लागली. सोसायटीच्या इतिहासात जाळ्यात सापडलेला हा पहिलाच वारस. त्यानंतर आठवडाभर त्याचे पुढचे दात हलत होते आणि कार्यालयात कोणी "काय मग, आज काय सापडलं?" असं सहज विचारलं तरी त्याला टोमणा वाटत होता. म्हणून हे खोकं.

वस्तू नवी असली की आधी तिची चाचणी घ्यावी, हे भूपेश वीस वर्षांच्या नोकरीत शिकला होता. (चाचणीचा अहवाल लिहून झाला की वस्तू नाही वापरली तरी चालतं, हेही शिकला होता, पण इथं ते चालणारं नव्हतं.) दोन गोष्टी पाहायच्या होत्या. फेकता येतो का, आणि बुडतो तर किती खोल.

फेकण्याचा सराव गच्चीवर, आधीच आणून ठेवलेल्या चरखीच्या काठीनं. बायको जया खालून ओरडून सांगत होती, "अहो, आधी मागं पाहा!" पण व्हिडिओतला माणूस मागं पाहत नव्हता, म्हणून भूपेशही पाहिना. खुळखुळा मागे गेला तो पुढे आलाच नाही. ओढला तर जड. आणखी ओढला तर शेजारच्या गच्चीवरून कांताबाईंची जुनी साडी निघाली आणि साडीवर वाळत घातलेल्या लाखोळीच्या डाळीच्या वड्या भूपेशच्या गच्चीभर उधळल्या.

"बुडून राह्यला का गा तुहा मासा?" कांताबाईंनी जिन्यातून विचारलं.

"आता फेकून राह्यलो, कांताबाई. बुडाचं अजून बाकी हाय."

"मंग विहिरीत बुडव ना! माह्या वड्यात काऊन बुडवतं?"

रागाच्या भरात माणूस बोलतो ते सगळं खरं धरायचं नसतं. भूपेशनं धरलं. कांताबाईंच्या परसात चांगली रुंद विहीर होती आणि त्यांनी स्वतःच्या तोंडानं परवानगी दिली होती. दुसऱ्या दिवशी त्या देवळात गेलेल्या पाहून त्यानं संघपाल सरांना साक्षीला घेतलं आणि खुळखुळा विहिरीच्या पलीकडच्या भिंतीशी टाकला. चरखी फिरवली. आणि काय सांगावं, त्या हिरव्या माशानं डोकं खाली घातलं आणि सपकन बुडी मारली!

"बुडला!" सर ओरडले. निवृत्तीनंतर त्यांना एवढा आनंद झालेला कोणी पाहिला नव्हता.

"लागला!" भूपेश ओरडला, कारण काठी वाकली होती. विहिरीत मासे नसतात हे दोघांनाही ठाऊक होतं, पण अशा वेळी ठाऊक असून उपयोग नसतो. भूपेशनं पाय रोवून झटका दिला. खाली काहीतरी निसटलं, बुडबुडे आले, आणि कांताबाईंची पाण्यातली मोटर दोरीसकट तळाला जाऊन बसली.

मोटर काढणारा माणूस संध्याकाळी आला. तोवर कांताबाईंच्या घरचं पाणी जयानं भरलं. कळशीमागून कळशी, आणि प्रत्येक कळशीला भूपेशकडे एक नजर. चाचणीचा निष्कर्ष एवढाच निघाला की खुळखुळा बुडी मारतो. किती खोल, ते मोटरलाच ठाऊक.

पण कांताबाई भांडायला आल्या नाहीत. रात्री आल्या त्या वाटीभर वड्या घेऊन. "उधळल्या त्यातल्याच वेचल्या. कुंताबाईले देजो. जेवत नाई म्हणे ती नीट." आणि दारातून वळून म्हणाल्या, "माघाले किती दिवस राह्यले रे?" भूपेशला वाटलं होतं की ही गोष्ट आपल्या घरातच आहे. ती गल्लीभर होती, आणि गल्ली गप्प राहून त्याची वाट पाहत होती.

मग परवानगीचा मुद्दा निघाला. तो संघपाल सरांनी काढला. "उद्या कोणी म्हटलं, विदेशी सामानानं मासा मारला, बाद करा, मंग? कागद हातात असला पाह्यजे." भूपेश कागदातलाच माणूस, त्याला हे पटलं. तालुक्याच्या एका कार्यालयात तो खुळखुळा डबीत घालून गेला. टेबलामागच्या माणसानं तो बराच वेळ पाहिला.

"हे जाळं आहे की गरी?"

"गरीच म्हणा."

"गरीला आमिष लागते. आमिष कुठी आहे?"

"हेच आमिष."

"मग गरी कुठी आहे?"

"हीच गरी."

"एकच वस्तू दोन रकान्यांत जात नाही," त्या माणसानं अतिशय सभ्यपणे सांगितलं. "साहेब दौऱ्यावर आहेत. तुम्ही उद्या या."

ते 'उद्या या' ऐकताच भूपेश चमकला. तोच सूर, तीच मान, शेवटी डबी हलकेच परत सरकवण्याची तीच पद्धत. आपण रोज कसे दिसतो ते त्यानं आयुष्यात प्रथमच टेबलाच्या या बाजूनं पाहिलं. तो डबी घेऊन उठला. बऱ्याच उद्यांनंतर उत्तर मिळालं की तलाव सोसायटीचा आहे, सोसायटीला विचारा. तोवर माघ दारात आला होता.

शेवटच्या रविवारी सगळी वरात खैरीटोल्याला निघाली. स्कूटरवर भूपेश आणि जया. मागून ऑटोत कुंता, संघपाल सर आणि कांताबाई. कांताबाईंना कोणी बोलावलं नव्हतं. "माह्या मोटरीले ज्यानं बुडवलं तो मरळीले काय करते ते पाहाचं हाय," म्हणून त्या बसल्या होत्या.

जंगलाच्या वाटेवरच्या नाक्यावर वनरक्षक रीनानं अडवलं. भूपेशच्या हातात लांब काठी, पिशवीत डबी, डबीवर वाघाचं चित्र. कारण त्या पट्टेरी रंगाचं नावच कंपनीनं वाघावरून ठेवलं होतं. वाघाचं चित्र घेऊन त्या नाक्यावरून जाणाऱ्या माणसाला चार प्रश्न विचारले जातातच. भूपेशनं मासा काढला, वाजवला, चोच दाखवली, बापाची गोष्ट सांगितली, नियम सांगितला. रीना ऐकत राहिली.

"मनसारामकाका? आमची गाडी चिखलात फसली होती तं रातच्याले त्यायनंच काढून देल्ली," ती म्हणाली. "जा तुमी. पण सूर्य बुडाच्या आत निघा. पलीकडच्या काठावर खरा पट्टेवाला येते पाण्यावर." मग जरा घुटमळून, "मासा भेटला का नाई, ते जाताना सांगजा."

पाळीवर चार माणसं हवी होती. चाळीस तरी जमली असतील. झाडूभाऊ म्हैस घेऊन आले होते. म्हैस धुवायला आणली असं ते म्हणत होते, पण म्हशीचं त्यांच्याकडे लक्ष होतं, त्यांचं म्हशीकडे नव्हतं.

"बाबू, थुंक त्याच्यावर," त्यांनी सल्ला दिला. "माणसाचा वास लागला की मरळ चिडते."

"थुंकू नको, हळद लाव," दुसरा म्हणाला.

"पहिले नारळ फोड," तिसरा.

भूपेशनं यातलं काहीच केलं नाही. मागे पाहिलं, हे मात्र केलं. तरीही पहिल्या फेकीला खुळखुळ्यानं श्रावणभाऊंच्या खांद्यावरचा दुपट्टा उचलला आणि तलावात नेला. अध्यक्षांचा दुपट्टा पाण्यावर पसरला, तरंगला आणि सावकाश परत आला. श्रावणभाऊंनी तो पिळला, खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "दुपट्टा मासोळीत धरत नाई. फेक."

दुसरी फेक गेली ती दूर, पाणी सोडायच्या दाराजवळच्या खोल डोहात. भूपेशनं चरखी फिरवली. तंगूस ताणली गेली आणि काठीतून त्याच्या तळहातात एक बारीक थरथर यायला लागली. खाली, न दिसणाऱ्या पाण्यात, तो खुळखुळा पोहत होता. लहानपणी बाप त्याचा हात धरून जाळ्याच्या दोरीवर ठेवायचा. "काई कळते का?" विचारायचा. "नाई," असं सांगून भूपेश खेळायला पळायचा. आज कळत होतं. सांगायला बाप नव्हता. भूपेशच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते उन्हावर ढकललं.

मासा काही लागला नाही. तिसऱ्या फेकीत, अगदी त्याच डोहात, काठी एकदम वाकली.

"लागली!" पाळ उठून उभी राहिली. "मरळ हाय! ढील दे! ओढ! ओढू नको!" सगळे सल्ले एकदम आले. भूपेशनं त्यांतले सगळे पाळले. काठी कमानीसारखी झाली, पण पलीकडचा जीव हलेना. पळेना, झटका देईना. श्रावणभाऊंनी तंगुशीला बोट लावलं आणि मान हलवली.

"मासोळी नाई ते. तुह्या बापानं टाकलेल्या बोरीच्या काट्या हायेत. चोरानं जाळं ओढू नये म्हणून तळाले टाकल्या होत्या त्यानं. तंगूस काप."

पाळ खाली बसली. संघपाल सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. सूर्य बराच उतरला होता आणि दुसरा खुळखुळा नव्हता. भूपेशनं आईकडे पाहिलं. कुंता पाळीच्या दगडावर बसली होती आणि त्याच्याकडे नाही, पाण्याकडे बघत होती.

"नाई कापत," भूपेश म्हणाला. "बापाच्या काट्यात अडकला तं बापाच्या काट्यातूनच काढतो. डोंगा द्या."

हे बोलताना आवाज त्यानं ठरवला त्यापेक्षा बारीक निघाला, पण श्रावणभाऊंनी डोंगा सोडला आणि स्वतःच वल्हवायला बसले. तंगूस गुंडाळत गुंडाळत दोघं डोहावर पोचले. श्रावणभाऊंनी बांबू खाली घातला, तळ लागला, मग तंगुशीकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"काट्या तळाले हायेत. हा त मधातच अडकला."

भूपेशनं बाही वर करून हात घातला, ओणवा झाला, आणखी ओणवा झाला. खुळखुळा हाताला लागला. त्याच्यामागे काहीतरी मऊ, लांब, ताणलेलं. त्यानं ओढलं. वर आलं ते जाळं.

ते सोसायटीचं नव्हतं. कोणा चोरानं ते पाण्याखालच्या दोन खुंटांना बांधून अधांतरी ताणलं होतं. वरून पाहणाऱ्याला दिसायचं नाही, तळ चाचपणाऱ्याला लागायचं नाही. गेले दोन महिने तलावातला मोठा मासा कमी का झाला म्हणून अख्खी सोसायटी डोकं खाजवत होती. वरवर सगळ्यांनी पाहिलं होतं, तळही चाळला होता. मधल्या पाण्यात बघायचं कोणाला सुचलंच नव्हतं. मधल्यांकडे तसं कोणीच बघत नाही.

जाळं जड होतं. रोहू होते, कतला होते, आणि एक मरळ अशी की तिनं डोंग्यात येताच शेपटीनं भूपेशच्या थोबाडीत दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली. शर्ट फाटला, बटणं गेली, पण त्यानं सोडली नाही. काठाला येईपर्यंत तो तिला धरून उभा होता आणि श्रावणभाऊ सारखे ओरडत होते, "बस खाली, डोंगा उलटते! अबे बस!"

पाळीवर लगेच वाद सुरू झाला, कारण आपल्याकडे मासा आधी वादात शिजतो आणि मग रश्श्यात.

"जाळं चोराचं हाय. मंग मासा चोरानं धरला," एकानं काढलं.

"चोराचं असन तर चोरानं सांगावं," झाडूभाऊ म्हणाले. "कोणाचं हाय हे जाळं? बोला."

एवढं चांगलं जाळं, पण वाली कोणी पुढे येईना. मघापासून सर्वांत जास्त सल्ले देणारे एक गृहस्थ तर फारच गप्प झाले होते. श्रावणभाऊंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग भूपेशकडे वळले.

"तलाव आपला हाय का? हाय. मासा याच्या हातानं निघाला का? म्या डोळ्यानं पाह्यलं. माणसं चार होती का?" त्यांनी पाळीवर नजर फिरवली. "जास्तच होती. मनसाराम असता त त्यानंबी हेच म्हटलं असतं. नियम पुरा झाला."

तोवर नुसत्या बघत उभ्या असलेल्या जयानं तिथंच टाळी वाजवली. परतताना नाक्यावर रीना उभी होती. भूपेशचा फाटका शर्ट बघून ती ओळखून हसली.

माघातला दिवस उजाडला. जाळी ओढली गेली, आणि भूपेशनंही दोरीला हात लावला. मध्यभागीच, जिथं ओढतो आहे असं दिसतं आणि फार जोर लागत नाही. पाळीवर पळसाची पानं अंथरून ढीग लागले. चामोर्शीची गल्ली सकाळपासून हजर होती. श्रावणभाऊंनी नावं पुकारायला सुरुवात केली. "हाय!" "हाय!" करत ढीग उठायला लागले.

"मनसाराम भानारकर!"

गर्दीत कुंता टोपली घेऊन उभी होती. तिनं डोळे मिटले. नाव पाळीवरून गेलं, पाण्यावर गेलं. आता भूपेशनं ओरडायचं. त्यानं तोंड उघडलं आणि गळा दाटून आला. दुपट्टा पिळून 'फेक' म्हणणारे श्रावणभाऊ, वाटीत वेचलेल्या वड्या, जयाच्या कळशा, चष्मा पुसणारे सर, नाक्यावर थांबलेली रीना, सगळे एकदम त्याच्या गळ्यात येऊन बसले. एवढ्या लोकांनी मिळून आपल्या बापाचं नाव धरून ठेवलं, आणि ते घ्यायला आपल्याला एक शब्द निघत नाही!

"मनसाराम भानारकर!" श्रावणभाऊंनी पुन्हा पुकारलं. हाक तिसऱ्यांदा देत नाहीत.

भूपेशनं खिशात हात घातला. खुळखुळा काढला, हात वर केला आणि हलवला.

खुळ खुळ खुळ.

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग झाडूभाऊ फिसकन हसले, आणि सगळी पाळ हसली. श्रावणभाऊ हसले नाहीत. ते गंभीरपणे म्हणाले, "हाय म्हणते तो. लिहा." आणि स्वतः वाकून ढीग कुंताच्या टोपलीत घातला. मग जाळ्याचा हिस्सा पुकारला, डोंग्याचा पुकारला, आणि शेवटी सोसायटीच्या वाट्यातून एक छोटा ढीग बाजूला काढून ओरडले, "खुळखुळ्याचा हिस्सा!"

"हाय!" या वेळी भूपेशचा आवाज पलीकडच्या काठापर्यंत गेला.

तो ढीग त्यानं घरी नेला नाही. तिथंच पाळीवर वाटला. पहिला मासा कांताबाईंना, त्यांच्या मोटरीच्या वतीनं. एक संघपाल सरांना, एक झाडूभाऊंना. त्या रविवारी त्यांच्या म्हशीनं फार धीर धरला होता. एक नाक्यावर द्यायला रीनासाठी ठेवला. प्रत्येकाला देताना तो हात जोडत होता आणि प्रत्येकजण "अरे, हात काऊन जोडतं, मासा पडीन ना!" म्हणून ओरडत होता. एक मासा 'उद्या या' म्हणणाऱ्या त्या टेबलामागच्या माणसासाठीही राखला. भूपेशच्या टेबलावर मात्र त्यानंतर कागदाचा मुक्काम बराच कमी झाला, असं म्हणतात.

घरी येताना ऑटोत कुंता टोपली मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी बसली होती. मग म्हणाली, "त्याचा आवाज जाड होता. 'हाय' म्हटलं की बगळे उडत."

"माहा नाई निघाला, माय."

"माहीत हाय. म्या आइकलं." तिनं टोपलीवरचं पान नीट केलं, आणि त्याच्या खिशाकडे बोट दाखवलं. "वाजव ना गा अजून एकदा."

भूपेशनं वाजवला.